टार्गेट बंधनकारक नाही, मग शेडवर सोलार घालू का थांबू? एका टॉवेलवाल्या मालकाला उत्तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका तरुण मालकाने विचारलंय की सर, सरकार दर दोन-चार वर्षांनी मोठमोठे आकडे जाहीर करतं, 2022 पर्यंत एवढं सोलार, 2030 पर्यंत तेवढं, विजेची बचत एवढे टक्के, पण आकडा चुकला तर ना कुणाला दंड ना कुणाची बदली, मग असल्या टार्गेटला अर्थ काय, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून मी शेडवर 100 किलोवॅटचं सोलार घालू का थांबू.

मालक, तुम्ही दोन प्रश्न एकात बांधलेत. मी वीस वर्षं एनर्जी ऑडिट करतोय, सोलापुरातले डाईंग हाऊस, सायझिंग, साखर कारखाने, सरकारी बिल्डिंगी सगळं फिरून झालंय, आणि माझा अनुभव असा की टार्गेट बंधनकारक आहे का नाही यावरून पुढे काय होणार ते कळतच नाही. ते टार्गेट खाली उतरून कुठल्या कागदावर आलं ते बघायचं. दराच्या ऑर्डरमध्ये आलं का, मीटरिंगच्या नियमात आलं का, पंख्याच्या स्टिकरवर आलं का. तिथं आलं असेल तर वरचा आकडा नुसता भाषणातला असला तरी काम होतं. तिथं आलं नसेल तर कायद्यात लिहिलेला आकडासुद्धा बोलाचीच कढी.

आधी आपल्याकडचाच सगळ्यात गाजलेला आकडा घ्या. 2010 मध्ये राष्ट्रीय सोलार मिशन आलं तेव्हा 2022 पर्यंत 20 गिगावॅट सोलार असं टार्गेट होतं, 2015 मध्ये ते एकदम 100 करून टाकलं, आणि वारा 60, बायोमास 10, छोटे जलविद्युत 5 असं मिळून 175 गिगावॅट. कुठल्याही कायद्यात हा आकडा नव्हता. 2022 संपलं तेव्हा सोलार 63च्या आसपास होतं आणि सगळं मिळून 120च्या आसपास. म्हणजे नापास. पण जरा आत बघा ना. त्या 100 मध्ये जमिनीवरचे मोठे प्लांट 60 आणि छतावरचं 40 असा हिशोब होता. जमिनीवरचं बऱ्यापैकी झालं, छतावरचं जेमतेम 8च्या आसपास अडकलं. एकाच दिवशी एकाच सरकारने जाहीर केलेले दोन आकडे, दोन्ही बिनबंधनाचे, एक जवळपास पोचला आणि दुसऱ्याचा पार बोऱ्या वाजला.

का? तर मोठ्या प्लांटला 25 वर्षांचा वीजखरेदी करार होता, बोली लागत होती, बँका त्या करारावर कर्ज देत होत्या. छताला काय होतं, तर नेट मीटरिंगचा नियम, म्हणजे छतावर झालेली वीज तुमच्या बिलातून वळती करायची, तोही प्रत्येक राज्याचा वेगळा आणि सारखा हलणारा. वीज कंपनीला चांगलं बिल भरणारे ग्राहक म्हणजे तुमच्यासारखे कारखाने, तेच छतावर वीज करायला लागले तर कंपनीच्या पोटावर पाय, त्यामुळे खालच्या ऑफिसात कुणालाच घाई नव्हती. दिल्लीचा आकडा दिल्लीत राहिला आणि इकडे मीटर टेस्टिंगची तारीख मिळेना.

याचं एक जवळचं उदाहरण सांगतो, माझ्याच अंगावर आलेलं. 2020 च्या शेवटाला माझ्या एका गिऱ्हाईकाने 90 किलोवॅटची ऑर्डर जवळजवळ पक्की केली होती, स्ट्रक्चरचं माप झालेलं, बँकेत फाईल गेलेली. डिसेंबरात केंद्राचे वीजग्राहक हक्क नियम आले, आणि त्यात काय, तर नेट मीटरिंग 10 किलोवॅट लोडपर्यंतच, त्याच्यावर ग्रॉस मीटरिंग, म्हणजे तुमची सगळी वीज कंपनीला स्वस्तात विका आणि स्वतःला लागणारी महागात घ्या. बँकेने फाईल थांबवली. मालक मला म्हणाला, सर तुम्हीच तर सांगत होता सरकारला छतावर 40 गिगावॅट पाहिजे म्हणून. मी काय सांगणार. जून 2021 मध्ये दुरुस्ती येऊन ती मर्यादा 500 किलोवॅट किंवा मंजूर भार यातलं जे कमी ते अशी झाली आणि मग काम सुरू झालं. सहा महिने गेले, तेवढ्यात पॅनलचे भावही चढले. 40 गिगावॅटचं टार्गेट त्या सहाही महिन्यांत जागच्या जागी होतं बरं का, कुणी मागे घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये राष्ट्रीय टार्गेट लिहायचंच बंद केलंय.

आता उलटं उदाहरण. एलईडी बल्ब. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली, 77 कोटी बल्ब बदलायचे असं म्हटलं होतं. तुम्ही साधा पिवळा बल्ब लावला तर कुणी पकडणार नव्हतं, पूर्ण ऐच्छिक. सरकारी कंपनीने काय केलं, तर एकदम कोट्यवधी बल्बची बोली काढायला सुरुवात केली. 2014 मध्ये जो बल्ब 310 रुपयाला घेतला जात होता तो 2016 मध्ये 38 रुपयावर आला. योजनेतून वाटलेले बल्ब 37 कोटीच्या आत राहिले, म्हणजे कागदावर टार्गेट निम्मंही नाही. पण भाव पडला आणि टिळक चौकातल्या दुकानातून सुद्धा पिवळा बल्ब गायब झाला. या टार्गेटला नापास म्हणायचं का पास? मला विचाराल तर बिनबंधनाच्या टार्गेटचं सगळ्यात चांगलं काम हेच, माल बनवणाऱ्याला खात्री देणं की बाबा एवढा खप होणार आहे, लाईन टाक.

बाहेरचीही दोन उदाहरणं देतो, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं की हे ढिलं काम फक्त इथंच चालतं. अमेरिकेत कॅन्सस राज्याने 2020 पर्यंत 20 टक्के अक्षय ऊर्जा बंधनकारक केली होती आणि 2015 मध्ये कायदा बदलून ते ऐच्छिक करून टाकलं. आता सगळे म्हणणार झालं, बसलं. पण तिथं वारा जबरदस्त, केंद्राची करसवलत चालू, शेतकऱ्याला टर्बाईनचं भाडं मिळतंय. 2020 पर्यंत त्या राज्यातली 40 टक्क्यांच्या वर वीज नुसत्या वाऱ्यावर होत होती. बंधन काढल्यावर दुप्पट!

युरोपात 2001 मध्ये 2010 साठी देशवार आकडे ठरले, फक्त दिशादर्शक, दंड काही नाही. जर्मनीच्या वाट्याला 12.5 टक्के वीज अक्षय स्रोतांतून, आणि 2010 ला ते 17च्या घरात होते, कारण त्यांनी 2000 मध्येच वेगळा कायदा करून 20 वर्षांचा ठरलेला दर दिला होता. बाकी बरेच देश मागे पडले, म्हणून 2009 मध्ये युरोपने 2020 चं टार्गेट प्रत्येक देशाला बंधनकारक केलं. बहुतेकांनी गाठलं, पण फ्रान्स बंधनकारक असूनही 23 ऐवजी 19.1 वर राहिला. म्हणजे बंधनाने फरक पडत नाही असं मी म्हणत नाहीये. मागे राहणाऱ्याला ढकलायला ते लागतंच. पण पुढे पळणारा बंधनामुळे पळत नाही, आणि मुद्दाम बसलेला बंधनानेही उठेलच असं नाही.

आणि आपल्या बंधनकारक गोष्टींची कथा? 2003 च्या वीज कायद्यात वीज कंपन्यांनी ठराविक टक्के अक्षय वीज घ्यायचीच अशी तरतूद आहे, राज्याचा वीज नियामक आयोग टक्का ठरवतो. कागदावर पक्कं. कितीतरी वर्षं झालं काय, तर कंपनी चुकली की आयोगाकडे अर्ज, यंदा जमलं नाही पुढच्या वर्षी धरा, आयोग म्हणणार बरं. अक्षय ऊर्जेची सर्टिफिकेटं बाजारात पडून राहायची, घेणाराच नाही. कडक मास्तर वर्गात आणि हजेरीचं पुस्तक कपाटात. आता ऊर्जा संवर्धन कायद्यातून नवीन टक्के आलेत, 2024-25 ला 29.91 पासून 2029-30 ला 43.33 पर्यंत, आणि चुकल्यावर दंडाची तरतूदही त्याच कायद्यातली, त्यामुळे या वेळी जरा धाक दिसतोय. पण हे वीज कंपन्यांना आणि स्वतः वीज करणाऱ्या किंवा ओपन अॅक्सेसने, म्हणजे वीज कंपनी सोडून बाहेरच्या उत्पादकाकडून थेट वीज घेणाऱ्या मोठ्यांना. तुम्ही कंपनीकडून साधी वीज घेता, तुमच्या दारात हा नियम येत नाही.

बचतीच्या बाबतीत तुम्ही तर पारच मधे लटकलेले आहात. पॅट नावाची योजना आहे, मोठ्या कारखान्यांना ऊर्जा कमी करायचं बंधनकारक टार्गेट. पहिली फेरी 2012 ते 2015, 478 कारखाने, 66.86 लाख टन तेलाएवढी बचत करायची होती आणि झाली 86.7 लाख टन. टार्गेटच सोपं ठेवलं होतं असा आक्षेप आहे आणि मला तो पटतो, पण मोजमाप झालं, ऑडिटर आत गेले, हे खरं. टेक्स्टाईलही त्यात धरलं होतं. पण मर्यादा काय, तर वर्षाला 3000 टन तेलाएवढी ऊर्जा. एक टन तेल म्हणजे 1 कोटी किलोकॅलरी, एक युनिट वीज 860, भागाकार करा, सुमारे 3.49 कोटी युनिट येतात. सोलापुरातल्या किती टॉवेलवाल्यांचं बिल तेवढं आहे? त्यामुळे बंधन तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्यासाठी आहेत ते सगळे ऐच्छिक कार्यक्रम. बीईईने, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, छोट्या उद्योगांसाठी जो कार्यक्रम केला त्यात सोलापूरचं टेक्स्टाईल क्लस्टर घेतलं होतं, अभ्यास झाला, पुस्तिका निघाली, कुठं किती लाकूड जळतं, थर्मोपॅकमध्ये (तेल तापवून उष्णता देणाऱ्या भट्टीत) काय सुधारता येईल सगळं त्यात आहे. किती मालकांनी ती उघडून बघितली ते तुम्हीच चहाच्या टपरीवर विचारून बघा.

आता जरा तुमच्या कारखान्याकडे वळतो, कारण मला वाटतं सोलारच्या नादात तुमचं मोठं भोक तसंच राहतंय. तुमच्याकडे माग आहेत आणि सोबत डाईंगही आहे असं तुम्ही लिहिलंय. समजा वर्षाला 3 लाख युनिट वीज. ती झाली 26 टन तेलाएवढी ऊर्जा. आणि बॉयलरला दिवसाला 2 टन लाकूड धरलं तर 300 दिवसांचं 600 टन, किलोला 3200 किलोकॅलरीने ते होतं 192 टन तेलाएवढं. बघा बे, विजेच्या सात पट ऊर्जा लाकडात जातीय आणि सगळी चर्चा पॅनलची. पैशात हा फरक एवढा दिसत नाही कारण वीज महाग आणि लाकूड त्या मानाने स्वस्त, म्हणूनच लक्ष जात नाही.

मागच्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मी सकाळी सातला एका डाईंगमध्ये गेलो होतो. शेडच्या मागच्या गटारीतून वाफ निघत होती, दाट, धुक्यासारखी. दोन कामगार त्या गटारीत पाय सोडून बसलेले, थंडी होती म्हणून. मी थर्मामीटर टाकला तर 78 डिग्री, जिथून पाइप गटारीत उतरतो तिथं, पोरं बिचारी पंधरा फूट खाली बसलेली. ते कॉईलमधून येणारं कंडेन्सेट होतं, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, स्वच्छ, तापलेलं, मीठ नसलेलं पाणी. आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला बोअरचं 28 डिग्रीचं जड पाणी फीड टँकमध्ये भरून बॉयलरला देत होते, ते तापवायला लाकूड जाळत होते, आणि त्याच जड पाण्याने ट्यूबला खपल्या धरत होत्या म्हणून वर्षातून दोनदा साफ करायचा खर्च वेगळा. आमच्यात एक मोघम हिशोब असतो, फीडचं पाणी 6 डिग्रीने वर नेलं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं. 30 डिग्री जरी चढवलं तरी 5 टक्के, तुमच्या 600 टनांवर 30 टन लाकूड. खर्च काय, तर चाळीस-पन्नास फूट पाइप, एक छोटा पंप, टाकीला इन्सुलेशन. मालकाला विचारलं, का नाही करत? म्हणाला, सरकारची काही स्कीम आहे का सर त्याच्यासाठी. कपाळावर हात मारून घेतला मी. तुमच्या गटारीतले पैसे उचलायला स्कीम कशाला पाहिजे राव. (रंगाईच्या कॅबिनेटमध्ये थेट वाफ सोडत असाल तर तिथलं पाणी परत येणार नाही, रंगाचं असतं, फक्त कॉईलचं धरा.)

बचतीची टार्गेट ढिली का पडतात याचं कारणही त्या गटारीतच आहे. सोलार दिसतं. फोटो निघतो, फीत कापता येते, मीटरवर युनिट येतात. बचत म्हणजे न जळलेलं लाकूड, त्याचा फोटो कसा काढणार. एका सरकारी कार्यालयाचं ऑडिट केलं होतं मी, 20 टक्के बचत करायची असं वरून परिपत्रक आलेलं. रिपोर्ट दिला, 18 टक्के निघत होती नुसते पंखे, ट्यूब आणि पाण्याचा पंप बदलून. तीन वर्षांनी दुसऱ्या कामाला गेलो तर रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत तसाच, वर झाडाची कुंडी ठेवलेली. साहेब बदलले होते. आणि बिल भरणारं खातं वेगळं, पंखे घेणारं खातं वेगळं, वाचलेल्या पैशाचा फायदा तिसऱ्याला. तिथं तुम्ही 20 टक्के लिहा का 40 लिहा, कुणाच्याच घरचं लग्न नाही.

शेतीपंपाचंही तेच. आपल्या जिल्ह्यात ऊस किती आणि मोटारी किती तुम्हाला माहितीये, चार-चार वेळा रिवाइंड केलेल्या, जळाली की वायंडिंगवाल्याकडे, प्रत्येक वेळी थोडी कार्यक्षमता जाते. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे. शेतकऱ्याला दोष नाही देत मी, त्याची गणितं वेगळी आहेत. पण फुकट विजेवर कार्यक्षम पंपाचं टार्गेट ठेवणं म्हणजे लंगरात जेवायला बसवून कमी खा सांगण्यासारखं. तिथं त्यापेक्षा सौर पंप आणि फीडर सोलारवर न्यायची योजना, हे जरा जमण्यातलं आहे, कारण त्यात शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. रात्री दोनला पाणी द्यायला जायचं नाही, साप-विंचू नाही, एवढ्या एका कारणासाठी लोक अर्ज करतायत.

ऐच्छिक गोष्ट हळूहळू बंधनकारक कशी होते तेही बघून ठेवा, कारण त्यात धंद्याचं नियोजन असतं. स्टार लेबल 2006 ला आलं तेव्हा ऐच्छिक होतं. 2010 ला फ्रॉस्ट फ्री फ्रिज, एसी, ट्यूबलाईट अशांना सक्तीचं झालं. सिलिंग फॅन ऐच्छिकच राहिला होता, तो जानेवारी 2023 पासून सक्तीत आला. कंपन्यांना मधल्या काळात बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीच्या पंख्यांच्या लाईन टाकायला वेळ मिळाला. जुना पंखा 75 वॅट खातो, हा 30च्या आसपास, आणि सोलापुरात वर्षातले नऊ महिने पंखा बंद होत नाही. अशा ठिकाणी आधी ऐच्छिक ठेवलं हे बरोबरच केलं असं माझं मत. पण प्रत्येक ऐच्छिक गोष्ट पुढे जातेच असं नाही, इमारतींचा ऊर्जा कोड 2007 ला आला, राज्यांनी स्वतः लागू करायचा होता, आणि तुम्ही आपल्या होटगी रोडच्या नव्या काचेच्या बिल्डिंगी बघा, पश्चिमेला अख्खी भिंत काच, एप्रिलमध्ये 43 डिग्री. एसीलाही 2020 पासून सुरू होताना 24 डिग्रीचं सेटिंग सक्तीचं केलंय. मशीन 24 वर सुरू होतं आणि पाहुणा रिमोट घेऊन ते 18 करतो, त्याला कोण अडवणार.

एक्स्पोर्ट करत असाल तर अजून एक दरवाजा आहे, आणि माझ्या मते सोलापूरसाठी तो सगळ्यात मोठा. बाहेरच्या मोठ्या दुकानवाल्यांनी स्वतःहून टार्गेट जाहीर केलेली असतात, आमच्या मालामागचं कार्बन इतकं कमी करू म्हणून. त्यांच्यावर कुणाचं बंधन नाही. पण ते टार्गेट खाली येत येत तुमच्याकडे फॉर्म होऊन येतं: वर्षाला किती युनिट, किती लाकूड, लाकूड कुठून आणता, अक्षय वीज किती टक्के, बिलाची प्रत जोडा. एका एक्स्पोर्टरकडे असा फॉर्म आला तेव्हा मला रात्री साडेदहाला फोन, सर उद्या दुपारपर्यंत भरून पाहिजे. त्याच्याकडे लाकडाची वजनाची पावती सुद्धा नव्हती, सगळं रोखीत. लंडनात कुणीतरी ऐच्छिक बोललं आणि इथं टॉवेलवाल्याला ते वटहुकूमासारखं लागलं, ऑर्डरच अडकली ना. त्यामुळे मीटर आणि वजनकाटा, या दोन गोष्टी आजच सुरू करा, सरकार सांगो न सांगो.

आता तुमच्या 100 किलोवॅटचं. घाला, पण सरकारचं 2030 चं 500 गिगावॅटचं टार्गेट बघून नको. घरावर 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान मिळतं ते सूर्यघर योजनेत, ते घरगुती ग्राहकाला, कारखान्याला नाही, एजंट काहीतरी फिरवून सांगतात त्याला भुलू नका. तुमचा हिशोब नुसत्या वाचलेल्या युनिटवर बसला पाहिजे. सोलापुरात किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, 100 ला वर्षाचे 1.46 लाख. सेल्समन 5 म्हणेल, एप्रिलची आकडेवारी दाखवेल. एप्रिलमध्येच पॅनल 65 डिग्रीला जातं आणि 25 च्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं, म्हणजे भर उन्हात चौदा-सोळा टक्के गळती. शिवाय तुमच्या शेडवर सुताची फज (बारीक तंतू) बसणार, दव पडलं की तिचा थर होतो, बोअरच्या पाण्याने धुतलं तर पांढरे डाग. धुण्याची सोय आधी ठरवा.

शेड जुनं असेल, सिमेंटचे पत्रे असतील, तर त्याच्यावर माणूस चालू शकत नाही, पॅनल बसवणं दूरच. पत्रा बदलण्याचा खर्च सोलारच्या कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, तो धरा. लाईट गेली की साधं ऑनग्रीड, म्हणजे कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलार पण बंद पडतं, उन्हात सुद्धा, हे बऱ्याच जणांना बसवल्यावर कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा विजेचा दर. दुपारच्या तासांना सवलत आणि संध्याकाळी जादा दर असा कल आता आपल्याकडे आलाय, कारण दुपारी सगळीकडे सोलार ओसंडतंय. तुमचं दुपारचं जास्तीचं युनिट स्वस्त वेळेचं धरलं जाणार आणि संध्याकाळच्या महाग युनिटशी एकास एक वळतं होणार नाही. म्हणून किलोवॅट ठरवताना मंजूर भार बघू नका, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 तुम्ही खरं किती खेचता ते बघा. दोन पाळ्या चालवत असाल आणि दुपारी 60 किलोवॅट लागत असतील तर 60-65 घाला, 100 कशाला. जमत असेल तर डाईंगचे पंप, हायड्रो (पाणी पिळणारं मशीन), कॉम्प्रेसर ही जड कामं दुपारी घ्या. शेडवर जागाच नसेल तर 2022 पासून ग्रीन ओपन अॅक्सेसची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आलीये, दोन-चार कारखाने मिळून बाहेरून सोलार वीज घ्यायचा विचार करता येतो, पण त्यातले व्हीलिंग (कंपनीच्या तारा वापरायचं भाडं), क्रॉस सबसिडी (इतरांना स्वस्त वीज देता यावी म्हणून लावलेला अधिभार) हे चार्जेस मांडल्याशिवाय हो म्हणू नका. तिथं वरवर स्वस्त दिसणारं युनिट मीटरपर्यंत येता येता महाग होतं.

माझा क्रम विचाराल तर आधी गटार, मग इन्सुलेशन आणि स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह), मग मोटारी, मग सोलार. कारण पहिल्या दोन कामांचे पैसे बहुतेक वेळा वर्षाच्या आत निघतात आणि त्यांना कुठल्याही ऑफिसची परवानगी लागत नाही, दराची ऑर्डर बदलली तरी ती वाया जात नाहीत.

तर बारा महिन्यांची बिलं पाठवा, पहिलं पान नको, मागचं टीओडीचं पान पाहिजे. लाकडाच्या पावत्या असतील त्या. आणि उद्या सकाळी सातला शेडच्या मागे जाऊन गटारीच्या तोंडाशी थर्मामीटर धरा, काय आकडा येतो तो कळवा, मग बोलू.